दिवा नऊ-वीसला

सात वाजता शाळा असलेल्या मुलीला पावणेसहाला उठवायचं असेल, तर आदल्या रात्रीचा हिशेब पावणेसहापासूनच मागं मांडत यावा लागतो. आम्ही नेमकं उलटं करत होतो. नऊ वाजले की तिन्ही पोरांना एकदम "चला, झोपा" म्हणायचं आणि मग साडेदहापर्यंत घरात फेऱ्या चालायच्या. पाणी, शू, भूक, डास, "तिला दोन गोष्टी, मला एकच". आम्हा नवरा-बायको दोघांचंही हे दुसरं लग्न. पप्पांकडची मुलगी तेरा वर्षांची, आईकडचा मुलगा आठ वर्षांचा आणि मुलगी साडेचारची, शिवाय आज्जी. दोन खोल्या आणि हॉल. कोल्हापुरात राजारामपुरी घ्या नाहीतर फुलेवाडी, बहुतेकांची जागा एवढीच असते. दीड वर्षात जे बसलं आणि जे फसलं, ते इथं मांडतोय.

आधी आकडे. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिननं २०१६ साली वयाप्रमाणं झोपेचे तास सांगितले: ३ ते ५ वर्षांना दुपारची झोप धरून १० ते १३, ६ ते १२ वर्षांना ९ ते १२ आणि १३ ते १८ वर्षांना ८ ते १०. त्यात आपल्याकडं फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं निर्णय काढला की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत. म्हणजे तिसरीतला मुलगा सात-दहाला उठला तरी चालतो आणि आठवीतली मुलगी अंधारात उठते. एरवी हा शाळेच्या वेळेचा फरक आहे. दुसऱ्या लग्नाच्या घरात मात्र तो लगेच "तुझ्या पोरांना लाडानं झोपू देतात" असा दिसतो. म्हणून तिघांना एकत्र बसवून बोटांवर मोजून दाखवलं: कोण किती वाजता उठणार, कुणाला किती तास हवेत, म्हणून कुणाचा दिवा किती वाजता बंद. धाकटीचा दिवा आठ-चाळीसला, मुलग्याचा नऊ-वीसला, मोठीचा नऊ-पन्नासला. कागदावर लिहून फ्रीजला लावलं. वेळ कागद सांगतोय, सावत्र बाप नाही, हा या कागदाचा खरा उपयोग.

पण पहिल्याच दिवसापासून त्या वेळा लावू नका. आधी सात रात्री एका वहीत दोनच गोष्टी लिहा: दिवा किती वाजता बंद झाला आणि मूल खरोखर किती वाजता झोपलं. आमच्या वहीत मुलगा साडेदहाला झोपत होता. अशा मुलाला नवाला अंथरुणात घातलं तर तो दीड तास तळमळतो, आणि अंथरूण म्हणजे तळमळायची जागा, हे त्याच्या अंगात मुरतं. म्हणून पहिले तीन दिवस दिवा सव्वादहालाच बंद केला. लवकर झोप लागायला लागली तसा दर तीन रात्रींनी पंधरा मिनिटं अलीकडं घेतला. नऊ-वीसपर्यंत यायला दोन आठवडे लागले. या काळात सकाळची उठायची वेळ मात्र हलवायची नाही. रविवारीही फार तर एक तास.

मोठीचं गणित वेगळं निघालं. वयात येताना रात्री झोप आणणारं मेलाटोनिन शरीरात उशिरा वाढायला लागतं. ती पावणेदहाला झोपत नाही, कारण तिला झोप येतच नाही. त्यावर भांडण्यात अर्थ नव्हता. मग सकाळ आखडली. दप्तर, इस्त्रीचा गणवेश, मोजे, पाण्याची बाटली रात्री साडेआठलाच दाराशी. त्यानं उठायची वेळ पावणेसहावरून सहा-पाचवर आली. दहा-पाचला झोप लागली तरी आठ तास भरतात. फोन नऊला हॉलमधल्या कपाटावर चार्जिंगला, आणि तिच्या फोनशेजारी आमचे दोघांचेही. मोठ्यांचे फोन हातात ठेवून तिचा काढून घेतला, तर तो नियम आठवडाभरही टिकत नाही.

आता सगळ्यात नाजूक भाग: कुणी काय करायचं. शेवटची वीस मिनिटं ज्याच्या त्याच्या सख्ख्या पालकाची. सावत्र पालकानं पहिले सहा महिने तरी "नाही" म्हणायचं काम अंगावर घ्यायचं नाही. दिवसभर काकांच्या मागं स्कूटरवर हसत फिरणारं पोर रात्री सव्वानवाला एकदम "तुम्ही माझे पप्पा नाही" म्हणतं. दमलेलं असतं, अंधार होतो, आणि जे घर सुटलं ते त्याच वेळी आठवतं. त्यावर समजावणं नको आणि डोळ्यांत पाणीही नको. "बरोबर, मी काका आहे. मच्छरदाणीची ती बाजू खोच बघू." एवढं पुरतं.

तर सावत्र पालकाच्या वाट्याला ऊब देणारी कामं. दूध कोमट करणं, मच्छरदाणी लावणं, पाण्याचा तांब्या भरून ठेवणं, हॉलमधली गोष्ट. दिवा बंद करणं, "आता बास" म्हणणं, पांघरूण घालणं हे सख्ख्याकडं. धाकटीच्या बाबतीत ही वाटणी चार महिन्यांत आपोआप सैल झाली, मुलग्याला वर्ष लागलं. मोठीनं आईला "मावशी" म्हणायचं ठरवलं आणि पांघरूण घालू दिलं नाही ते नाहीच. तिच्या खोलीच्या दारातून "झोप गं, बाटली भरलीय" एवढंच म्हणायचं. तेरा वर्षांच्या मुलीला ते पुरेसं असतं. जास्त करायला गेलं की ती दार लावते.

गोष्ट एकच, दोघा धाकट्यांना एकत्र, हॉलमध्ये, पंधरा मिनिटं, स्वयंपाकघरातला टायमर लावून. प्रत्येकाला वेगळी गोष्ट सुरू केली की मिनिटांची मोजणी सुरू होते, आणि सावत्र भावंडं मिनिटं सोनाराच्या काट्यावर मोजतात. क्रमशः चालणारी गोष्ट सगळ्यात बरी, कारण उद्या काय होणार या ओढीनं अंथरुणाकडं पावलं वळतात. मोठी लांब बसून वेणी सोडत ऐकत असते. तिला "ये, बस" म्हणू नका, ऐकू द्या. आणि गोष्टीत सावत्र आई आली तर? आपल्या लोककथांतली सावत्र आई पोरांना छळायलाच जन्माला आलेली असते. वगळली तर पोरांना कळतं, कारण गोष्ट शाळेत ऐकलेली असते. ती गोष्ट रविवारी दुपारी वाचावी, रात्री नाही. शाहू महाराजांनी करवीर संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा १९१७ साली केला. शंभर वर्षं उलटली तरी "सावत्र" शब्दाला चिकटलेलं विष काही उतरलं नाही, आणि ते उतरवायची वेळ रात्री नऊची नव्हे.

आई किंवा पप्पा घरी नसतील त्या रात्रीचं आधी ठरवून ठेवा. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत दुसरी पाळी असली की माणूस अकराच्या पुढं घरी येतो. त्या रात्री सगळं सावत्र पालकाकडं. अशा वेळी नवीन काही करायचं नाही, क्रम तोच ठेवायचा आणि थोडा आखूड करायचा. पाळीवरच्या पालकाचा फोन सव्वाआठला, जेवणाच्या आसपास. दिवा बंद करताना फोन लावला की आवाज ऐकून पोर ताठ उठून बसतं आणि पुढचा पाऊण तास गेला.

क्रम म्हणजे काय, तर जेवण पावणेआठला, तोंड-हात-पाय, दूध, दात, शू, गोष्ट, अंथरूण, सख्ख्या पालकाशी बोलणं, दिवा. दूध दातांच्या आधी. आज्जीच्या हातून दूध नेहमी नंतर यायचं, दात पुन्हा घासायला लावले की रडारड. घड्याळ पंधरा-वीस मिनिटं सरकलं तर फरक पडत नाही, क्रम मोडला की पडतो. अंबाबाईची शेजारतीसुद्धा ठरल्या क्रमानंच होते, हे आज्जीला पटलं. मेलाटोनिन नाही पटलं. तिचा दुसरा मुद्दा "लेकरू उपाशी झोपतंय" हा. त्यावर वाद न घालता अर्धं केळं तिच्या ताब्यात दिलं. मात्र सहाचा बशीतला चहा आणि खारी बंद करायला महिना लागला. चहातलं कॅफीन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात. सहाला दिलेला चहा नवालाही अंगात असतो. धाकटीची दुपारची झोप चार ते सहा चालायची. तीही दीड ते सव्वादोन अशी आणली आणि रात्रीची निम्मी कटकट तिथंच मिटली. शुभंकरोती आईकडच्या दोघांची सवय, पप्पांकडच्या मुलीची नाही. म्हणणाऱ्यांनी म्हणावं, तिला सक्ती नाही, आणि "ती का म्हणत नाही" यावर आज्जीनं शेरा मारायचा नाही.

कुणी कुठं झोपायचं, यात बहुतेक घरं चुकतात. आपल्याकडं पोरं आईशेजारी झोपतात. वडील गेल्यावर किंवा वेगळं झाल्यावर तर पोर आईच्या कुशीतच असतं, चार-चार वर्षं. मग लग्न होतं, आणि त्याच आठवड्यात पोराला सांगतात, आता तू आज्जीजवळ. पोराच्या हिशेबात नवा माणूस आला आणि आपली जागा गेली. शक्य असेल तर लग्नाच्या तीन-चार महिने आधी जागा बदला. आधी जमलं नाही तर लग्नानंतर दोन-तीन महिने थांबा. तेवढे दिवस मोठ्यांची गैरसोय होते, होऊ दे.

आम्ही केलं ते असं. धाकटीची गादी आईच्या पलंगाला लागून खाली. हात खाली सोडला की पोरीच्या केसांना लागेल इतकी. चार-पाच रात्री तशीच. मग गादी हातभर दाराकडं. पुन्हा चार-पाच रात्री. मध्ये ताप आला, पाहुणे आले, तर पुढं सरकवायची नाही, पण मागंही आणायची नाही. पाचव्या टप्प्याला गादी उंबऱ्यापाशी, सहाव्याला हॉलमध्ये भावाशेजारी. महिना लागला. चूक एकच झाली: एका रात्री ती झोपल्यावर गादीसकट उचलून बाहेर ठेवली. रात्री दोनला जाग आली, झोपताना होती ती भिंत नाही, झोपताना होती ती आई नाही. पुढचे आठ दिवस ती पदर मुठीत धरूनच झोपली. मूल ज्या जागी झोपी जातं, त्याच जागी त्याला रात्री जाग यायला हवी. झोपेत प्रत्येकजण तास-दोन तासांनी अर्धवट जागा होतो, आजूबाजूला तेच दिसलं तर कळायच्या आत परत झोपतो.

यासाठीच वाकळ, म्हणजे गोधडी. मुलग्याची वाकळ त्याच्या पणजीच्या लुगड्यांची, एका कडेला हिरवे काठ, दुसरी कड झिजून आतली जुनी पातळं दिसायला लागलेली. झोपताना तो ती हिरवी कड अंगठ्यानं चोळतो. नव्या घरात आल्या आल्या "शी, किती मळलीय" म्हणून धुवायला घेऊ नका. पहिला महिना तो वास हेच त्याचं जुनं घर असतं. धुवायचीच तर साबण पूर्वीच्या घरातलाच घ्या आणि सकाळी लवकर टाका. जुलै-ऑगस्टात कोल्हापुरात वाकळ तीन-तीन दिवस वाळत नाही, आणि ओलसर वाकळ अंगावर घेऊन कुणी झोपत नाही. म्हणून जून लागायच्या आत एक करून घ्यावं: त्याच काठाचा वीतभर तुकडा कापून दुसऱ्या पांघरुणाला कोपऱ्यात शिवावा. अंगठ्याला काठ हवा असतो, सगळी वाकळ नव्हे. काठ देवाघरी गेलेल्या माणसाच्या लुगड्याचा असेल तर कापण्याआधी मुलाला विचारा आणि कुठून कापायचं ते त्यालाच दाखवू द्या.

उठून बाहेर येण्यावर चिठ्ठी चांगली लागू पडते. अमेरिकेतल्या बालमानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली ही युक्ती दोन मुलांवर करून छापली होती. आपल्याकडं ती जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदावर छान होते. पत्त्याएवढा तुकडा, त्यावर मुलाचं नाव. दिवा बंद झाल्यावर ही चिठ्ठी देऊन एकदाच बाहेर यायचं, एकच काम, तीन मिनिटं. पाणी, शू, आईची मिठी, काहीही. चिठ्ठी जमा झाली की त्या रात्री परत नाही. वापरली नाही तर सकाळी डब्याची भाजी त्याच्या पसंतीची. चिठ्ठी संपल्यावर बाहेर आलाच तर हात धरून परत न्यायचं, दर वेळी तेच वाक्य, "झोपायची वेळ आहे", त्यापुढं शब्द नाही. तिसऱ्या-चौथ्या रात्री दंगा वाढतो. तो वाढला म्हणजे युक्ती फसली असं समजून बहुतेक जण तिथंच सोडतात. तिथं आणखी चार दिवस तगावं लागतं. आमच्यासारख्या घरासाठी दोन जादा नियम. चिठ्ठी सावत्र पालकाच्या हातात दिली तरी ती चालते, "आईला विचार" म्हणायचं नाही. आणि चिठ्ठ्यांची देवाणघेवाण बंद. आठ वर्षांच्या व्यापाऱ्यानं साडेचार वर्षांच्या बहिणीकडून चार गोट्यांना चिठ्ठी घेतली होती.

रात्री किंचाळून उठण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांचे उपाय उलटे आहेत. वाईट स्वप्न पहाटेकडं पडतं. मूल पूर्ण जागं होतं, काय दिसलं ते सांगतं, जवळ घेतलं की शांत होतं. दुसरा प्रकार झोपल्यापासून पहिल्या दोन-तीन तासांत येतो. डोळे उघडे, घामाघूम, ओरडणं, आणि समोरच्याला ओळखतच नाही. हात लावला तर ढकलतं. सावत्र पालकाला वाटतं, मला बघून घाबरलं. तसं अजिबात नसतं, ते सख्ख्या आईलाही तसंच ढकलतं. त्याला उठवायचं नाही, हलवायचं नाही. पडणार नाही एवढं बघत शेजारी बसायचं, काही मिनिटांत परत झोपतं. सकाळी त्याला काही आठवत नाही, आपणही चेष्टा करायची नाही. जास्त दमलेल्या दिवशी हे जास्त होतं, त्यामुळं औषध म्हणजे दिवा अर्धा तास लवकर. रोजच व्हायला लागलं तर बालरोगतज्ज्ञांकडं.

अंथरूण ओलं होणं पाचव्या वर्षापर्यंत अगदी नेहमीचं, पुढंही पुष्कळ मुलांत राहतं. पण सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा भिजवायला लागलं तर आधी डॉक्टर. बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग, मधुमेह यांची तपासणी होऊ दे, "नव्या घराचा ताण" हे आपण आपलं ठरवू नये. ताणानंही होतं हे खरं, पण तो निष्कर्ष तपासणीनंतरचा. घरात करायचं ते असं: खाली मेणकापड, वर चादर, त्यावर पुन्हा मेणकापड, पुन्हा चादर. रात्री वरची जोडी ओढून काढली की खालची तयार. दिवा लावायचा नाही, नाव घ्यायचं नाही. ओल्या चादरी सगळ्यांच्या चादरींबरोबर मशीनमध्ये. सावत्र भावंडाला एकदा कळलं की ते भांडणात शस्त्र होतं, मग कितीही दटावा.

रविवारची रात्र वेगळी काढावी लागते. एक शनिवार सोडून एक, दोघं धाकटी वडिलांकडं इचलकरंजीला जातात आणि रविवारी संध्याकाळी परततात. सहाच्या एसटीत बसली की वाटेत वीस मिनिटं डुलकी ठरलेली, आणि तेवढी डुलकी रात्री तासभर खाते. चारची गाडी धरा. ती चुकलीच तर खिडकीची जागा आणि सोलायला शेंगा. दाणे सोलत असलेलं मूल झोपत नाही. घरी आल्यावर पहिला अर्धा तास काहीच विचारायचं नाही. काय खाल्लं, कोण आलं होतं, कुठं नेलं, एकही प्रश्न नाही. दुसऱ्या घराकडून माहिती हवी ती तीनच गोष्टींची, मेसेजवर: दुपारी किती झोपली, किती वाजता जेवली, तब्येत कशी. तिथल्या वेळा आपल्यासारख्या असाव्यात हा हट्ट सोडला. तिथं अकरा वाजतात, वाजू देत. मागितलं ते एवढंच, की शेवटच्या तीन गोष्टी त्याच क्रमानं व्हाव्यात: दात, वाकळ, दिवा. तेवढं बहुतेक लोक मान्य करतात, कारण त्यात कुणाची हार नाही. वाकळ मुलग्याच्या पिशवीत सगळ्यात वर. विसरली तर त्याच रात्री कुणीतरी तीस किलोमीटर गाडी मारायची नाही, काठाचा तुकडा शिवलेलं पांघरूण त्यासाठीच आहे.

उजेडाचं थोडक्यात. झिरोचा बल्ब पिवळा किंवा लाल, निळा नको, आणि तो खोलीत नको, पॅसेजमध्ये. मोठीला पूर्ण अंधार लागतो, धाकटीला नाही. दोघी एका खोलीत असत्या तर पडदा लावावा लागला असता.

गणपतीत, नवरात्रात, घरी तांबडा-पांढरा शिजला त्या रविवारी जेवणंच साडेनवाला होतात. त्या दिवशी घड्याळ सोडून द्या, पण दात-वाकळ-दिवा सोडू नका. गोष्ट दोन मिनिटांची करा. विसर्जनाच्या रात्री पोरं एकला झोपली तरी सकाळी नेहमीपेक्षा तासभरच उशिरा उठवा आणि दुपारी दोनच्या आत अर्धा तास झोपू द्या. पोरं सकाळी कुरकुरतात. पण त्याच रात्री नऊ-वीसला दिवा बंद करता येतो.